शिकलेल्या बाईची नोकरी कुठे अडली, याची नोंद कशी घ्यावी

आई, आजी किंवा मावशी चांगली पदवीधर, तरी नोकरी सुटली नाहीतर पहिल्याच पायरीवर राहिली. याची नोंद घेताना ‘का सोडली?’ हा प्रश्न आधी विचारू नका. ‘मुलं लहान होती’ असं ठरलेलं उत्तर येतं. ते खोटं नसतं, पण पुढचं बोलणं तिथंच थांबतं.

आधी तक्ता करा. डावीकडे सालं, शेजारी चार रकाने: शिक्षण-नोकरी, लग्न-बाळंतपणं, नवऱ्याच्या बदल्या, घरातली आजारपणं. साल आठवत नसेल तर ‘थोरली तेव्हा कितवीत होती?’ असं विचारून जुळवा. मग नियुक्तीपत्र, बिनपगारी रजेचे अर्ज आणि राजीनामा ताडून पाहा. राजीनाम्यात बहुधा ‘घरगुती अडचणीमुळे’ एवढंच असतं. खरं कारण त्याआधीच्या सहा-आठ महिन्यांच्या रकान्यांत शोधा.

बैठक पाऊण तासाची ठेवा आणि बाई एकटी असताना घ्या. नवरा किंवा मुलगा समोर असला की तिच्याआधी तेच उत्तर देतात. प्रश्न रोजच्या कामाचे असू द्या. डबे कोण करायचं? मूल तापलं की रजा कोणाची पडायची? पगार कोणाच्या हातात जायचा? ‘अन्याय झाला का?’ असं विचारलंत तर ती घराची बाजू घेऊ लागते.

सर्वांत जास्त वेळ न घडलेल्या गोष्टींना द्या. नाकारलेली बढती, न भरलेला अर्ज, अर्धवट सोडलेली खात्याची परीक्षा यांचा कागद क्वचितच सापडतो. विचारलं नाही तर ते कायमचं हरवतं. ‘बढतीबरोबर बदली होती का? नको म्हणायचं कोणी ठरवलं?’ हे दोन प्रश्न जोडीनेच विचारा.

सेवाशर्तीही वाचा, कारण कधी घराआधी नियमच आडवा यायचा. परराष्ट्र सेवेत बाईला लग्नाआधी सरकारची परवानगी लागे, त्याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा यांच्या 1979च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. एअर इंडियात हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणात संपे. ती अट 1981 साली रद्द झाली, पण सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट न्यायालयाने कायम ठेवली.

लिहून झालेली नोंद तिला वाचून दाखवा. ती म्हणेल तो मजकूर काढा, आणि तारीख घालून एक प्रत तिच्याकडेच द्या.