जडत्व आणि असंतुलित बल: या चुका टाळा

पायडल मारणे थांबवले की सायकल हळूहळू थांबते, आणि तिथूनच डोक्यात बसते की गती टिकवायला बल लागतेच. गोंधळाचे मूळ हेच. सायकल थांबते ती घर्षण आणि हवेचा रोध तिला मागे खेचतात म्हणून. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेले नियम सांगतात की असंतुलित बलाने, म्हणजे सगळ्या बलांची बेरीज शून्य नसेल तर, गतीत बदल होतो. गती नुसती टिकायला त्याची गरज नसते. आहे ती अवस्था टिकवण्याच्या वस्तूच्या या गुणालाच जडत्व म्हणतात. सरळ रस्त्यावर ताशी ६० किमीच्या स्थिर वेगाने धावणाऱ्या गाडीवरचे परिणामी बल (सगळ्या बलांची बेरीज) शून्य असते. बले बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत पुढचा बाण मागच्यापेक्षा लांब काढलात, तर ती गाडी वेग वाढवते आहे असा अर्थ झाला.

ब्रेक लागला की 'पुढे ढकलले जातो'

पुढे कोणीच ढकलत नाही. ब्रेकमुळे गाडीचा वेग कमी होतो, शरीर मात्र आधीच्याच वेगाने चाललेले असते. म्हणून आकृतीत प्रवाशावर पुढचा बाण काढू नका. त्याला थांबवणारे बल मागच्या दिशेने असते आणि ते सीट, पट्टा किंवा दुर्दैवाने डॅशबोर्ड देतो.

ही चूक कागदावर गुण घालवते, रस्त्यावर जीव. लहान मुलाला मांडीवर घट्ट धरले की झाले, असे अनेकांना वाटते. गणित करून बघा. गाडी ताशी ५० किमीने, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर वेगाने आदळली आणि मूल ६० सेंमी अंतरात थांबायचे आहे असे धरा. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट: मंदन (वेग कमी होण्याचा दर) सुमारे १६० मीटर प्रति सेकंद वर्ग. मूल १० किलोचे असेल तर हातांना साधारण १६०० न्यूटन बल द्यावे लागेल, म्हणजे जवळपास १६० किलोचे ओझे पेलण्याइतके. कोणाचेच हात तेवढे धरत नाहीत. लहान मुलांची वेगळी सीट त्यासाठीच असते.

वळणावर 'बाहेर फेकले जातो' हीसुद्धा तीच चूक. शरीर सरळ जाऊ पाहते, गाडीचे दार त्याला आत वळवते. गाडीत बसलेल्याच्या दृष्टीने गणित मांडायचे असेल तर आभासी बल (कोणी न लावलेले, फक्त हिशेबासाठी धरलेले) घ्या, पण एकाच आकृतीत दोन्ही दृष्टिकोन मिसळू नका.

कपाट हलत नाही, मग घर्षण किती?

इथे मुले लगेच घर्षण गुणांक (दोन पृष्ठभागांत घर्षण किती, ते सांगणारा आकडा) आणि लंबबल (जमिनीने कपाटाला दिलेला वरचा रेटा) यांचा गुणाकार करतात. तो आकडा फक्त कमाल मर्यादा सांगतो. तुम्ही २०० न्यूटनने ढकलले आणि कपाट जागचे हलले नाही, तर स्थितिक घर्षणही २०० न्यूटनच. मर्यादा ओलांडली की कपाट सुटते, आणि सरकतानाचे घर्षण सहसा कमी असल्यामुळे ढकलणारा तोंडावर पडायला येतो. जड सामान हलवताना एकदम जोर लावू नये तो याचसाठी.

वेग जास्त म्हणून जडत्व जास्त?

नाही. जडत्व वस्तुमानावर ठरते. वेगाने वाढतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वजनाशीही त्याची गल्लत नको. अंतराळस्थानकात तराजू निरुपयोगी ठरतो, तरी जडत्व जागेवरच असते. तिथे अंतराळवीराचे वस्तुमान मोजण्याची एक पद्धत म्हणजे त्याला स्प्रिंगच्या यंत्रावर झुलवून आंदोलनाचा काळ पाहणे.

टेबलावरचे पुस्तक

पुस्तकाचे वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही समान. म्हणून ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असे सर्रास लिहिले जाते. पण दोन्ही बले पुस्तकावरच आहेत, तर जोडीतली बले दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात. वजनाची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर खेचणे. शंका असेल तर तेच टेबल लिफ्टमध्ये ठेवा: लिफ्ट वर जाताना वेग घेते तेव्हा टेबलाचा रेटा वजनापेक्षा जास्त होतो. क्रिया-प्रतिक्रियेत अशी तफावत कधीच पडत नाही.