जुन्या गाडीची थ्रॉटल बॉडी साफ करताना : नवीन शिकणाऱ्यांसाठी अनुभव

गाडीचं काम नवीन शिकताय तर थ्रॉटल बॉडीपासून (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) सुरुवात करा असं मी प्रत्येकाला सांगतो, इंजिन हवा कशी घेतं आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तिचा हिशोब कसा ठेवतो हे या एकाच कामात नीट कळतं.

गाडी उभी असताना आरपीएम वरखाली होतो, एसी लावला की इंजिन दबतं, कधी बंदच पडतं, तेव्हा जुन्या गाडीत पहिला संशय इथलाच. इंजिनातली तेलकट वाफ पीसीव्हीच्या (ही वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) पाईपातून परत इनटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या वाटेत) येते, बटरफ्लायच्या (बॉडीतली हवा अडवणारी फिरती गोल चकती) कडेला काजळी धरते आणि आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) जिथून हवा जाते ती बारीक फटच बुजते. पण लगेच स्प्रे हातात घेऊ नका, व्हॅक्यूम पाईप (इनटेकला जोडलेला बारीक पाईप) तडकला असेल तरी लक्षणं अशीच दिसतात, ते आधी बघा.

इंजिन थंड हवं, कारण बऱ्याच बॉडींना कूलंटचे पाईप जोडलेले असतात आणि क्लीनर पेट घेतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मोकळ्या हवेत करा, ग्लोव्हज आणि चष्मा घालाच. शक्य असेल तर बॉडी उतरवूनच साफ करा (गास्केट, म्हणजे जोडातलं सील, नवीन टाका), कारण खरी घाण बटरफ्लायच्या मागे, इंजिनाच्या बाजूला असते, समोरून दिसतच नाही. क्लीनर थ्रॉटल बॉडीचाच घ्या, काहींना आतून कोटिंग असतं आणि कार्ब्युरेटरच्या क्लीनरने ते निघू शकतं. फडक्यावर मारून हळूहळू पुसा, वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नको, आणि एअरफ्लो सेन्सरवर हा स्प्रे उडू देऊ नका.

बॉडी केबलवाली (पेडलच्या केबलने उघडणारी) असेल तर बटरफ्लाय हाताने उघडता येते, आयडल व्हॉल्व्हची वाटही साफ करून घ्या. इलेक्ट्रॉनिक असेल तर जपून, आत मोटर आणि बारीक गिअर असतात, जोर लावू नका आणि इग्निशन चालू असताना बोट आत घालूच नका. स्टॉप स्क्रूला (बटरफ्लाय कुठपर्यंत बंद होते ते ठरवणारा) हात लावायचा नाही, आयडल त्याच्याने सेट करायचा नसतो.

आता नवीन लोक घाबरतात ती गोष्ट: साफ केल्यावर आयडल चढतो. काही बिघडलेलं नसतं, घाण होती म्हणून ईसीयू जास्त हवा द्यायला शिकलेला असतो, त्याला परत शिकवावं लागतं. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप जुळवून घेतात, काहींना स्कॅनर (ईसीयूला जोडायचं उपकरण) लागतो, तुमच्या मॉडेलची पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून मगच बॉडी उघडा.