ऑनलाइन संदर्भ देताना या चुका टाळा

प्रबंधाच्या संदर्भसूचीत ‘गूगल’ किंवा ‘इंटरनेट’ एवढीच नोंद अजूनही आढळते. ग्रंथाचा संदर्भ देताना कोणी ‘ग्रंथालयातील कपाट’ असे लिहीत नाही. नुसता दुवा चिकटवणे हीदेखील तीच चूक आहे, कारण लेखक, वर्ष, शीर्षक आणि संकेतस्थळ यांविना दुवा बंद पडला, की वाचकाच्या हाती काहीच उरत नाही.

‘लेखकाचे नाव दिलेले नाही’ असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. मराठी विश्वकोशाच्या नोंदींत ते बहुधा अगदी शेवटी असते, आणि वरचा मजकूर उचलणाऱ्याच्या नजरेतून निसटते. वर्षाचेही तसेच : विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, त्यामुळे त्यातील नोंद संकेतस्थळावर केव्हाही चढवलेली असली, तरी तिच्यातील माहिती त्या काळाची धरावी आणि मूळ खंडाचे वर्षही नमूद करावे.

मराठी विकिपीडियाचा दुवा उतरवला, की टक्केचिन्हे, रोमन अक्षरे व आकडे यांची लांबलचक माळ उमटते, ती बिघाडामुळे नव्हे. देवनागरीतील प्रत्येक वर्ण आणि त्याला जोडलेली प्रत्येक काना-मात्राही दुव्यात वेगवेगळी नऊ-नऊ चिन्हे व्यापते, त्यामुळे ‘पुणे’ या दोन अक्षरांची छत्तीस चिन्हे होतात. ती हाताने छाटू नयेत. त्याऐवजी पानावरील ‘शाश्वत दुवा’ घ्यावा. तो आवृत्तीच्या क्रमांकाशी बांधलेला असल्याने, लेख पुढे बदलला तरी आपण वाचलेलाच मजकूर परीक्षकाला दिसतो.

नियतकालिकातील लेखाला डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) असेल, तर संकेतस्थळाच्या पत्त्याऐवजी तोच द्यावा. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातील प्रबंधासाठी पीडीएफचा नव्हे, नोंदीच्या पानावरील ‘हँडल’ हा कायमस्वरूपी दुवा वापरावा. ग्रंथालयाच्या खात्यातून उघडलेल्या लेखाचा पत्ता बाहेरच्या वाचकाला बहुधा प्रवेशाच्या पानावरच थांबवतो.

पाहिल्याची तारीख सरसकट जोडण्याची गरज नसते. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भपद्धतीच्या सातव्या आवृत्तीनुसार ती सतत बदलणाऱ्या पानांपुरतीच अपेक्षित आहे. मात्र विद्यापीठाची नियमावली वेगळे सांगत असेल, तर तीच पाळावी. पान नाहीसे होण्याची शंका असल्यास वाचले त्याच दिवशी ते ‘वेबॅक मशीन’ या संकेतस्थळांच्या जुन्या पानांच्या संग्रहात जतन करून तो दुवा मूळ दुव्याशेजारी ठेवावा. दुव्यानंतर पूर्णविराम देऊ नये. तो पत्त्यात मिसळला, की पान उघडत नाही.