कागद स्क्रीनवर येण्याआधी: डॉक्युमेंट रिव्ह्यूत नव्याने येणाऱ्यांसाठी

एलएल.बी. झाल्यावर पुण्यात अमेरिकन खटल्यांच्या डॉक्युमेंट रिव्ह्यूला (कागद वाचून कोणते समोरच्याला द्यायचे हे ठरवण्याच्या कामाला) लागले, तेव्हा वाटायचं, इंग्रजी वाचता येतं, कायदा कळतो, एवढं पुरे. ते पुरत नाही. कागद आपल्या स्क्रीनवर येण्याआधी त्याचं काय काय झालंय, हे आधी विचारायला शिका.

तिथल्या फेडरल दिवाणी खटल्यांत समोरच्या पक्षाने मागितली की दाव्याशी संबंधित कागदपत्रं द्यावी लागतात. १ डिसेंबर २००६ पासून नियमांत इलेक्ट्रॉनिक माहितीचा स्पष्ट उल्लेखही आला. म्हणून मेलबॉक्स, चॅट, शेअर्ड ड्राइव्ह सगळं गोळा होतं. हा डेटा सांभाळणारी होस्टिंगवाली टीम प्रत्येक फाइलची हॅश (मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) काढून दुबार प्रती बाजूला करते. एकच मेल दहा जणांकडे असला तरी रिव्ह्यूला एकदाच येतो. बाकीच्यांची नावं कस्टोडियनच्या, म्हणजे ज्यांच्याकडून डेटा घेतला त्यांच्या, फील्डमध्ये असतात. मी ते फील्ड न बघताच ‘या व्यक्तीकडे हा मेल नव्हता’ अशी नोंद केली होती. वेळेचंही तसंच. डेटा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) प्रोसेस झाला असेल, तर न्यूयॉर्कहून रात्री ९ला गेलेला मेल दुसऱ्या दिवसाच्या तारखेने दिसतो. कोणाला काय कधी कळलं यावर खटला उभा असेल, तर हा एक दिवस फार मोठा असतो.

सगळ्यात जास्त जपायची ती फॅमिली, म्हणजे मूळ मेल आणि त्याच्या अटॅचमेंट. दुसऱ्या प्रोजेक्टवर माझ्या बॅचमध्ये कराराचा एक ड्राफ्ट आला. समासात शेरे होते, पण वकिलाचं नाव कुठे नव्हतं. मी ‘रिस्पॉन्सिव्ह, नॉट प्रिव्हिलेज्ड’ (मागणीशी संबंधित, पण वकील-अशील गोपनीयतेत न येणारा) असा टॅग लावून पुढे गेले. नाव मूळ मेलवर होतं, आणि तो मी उघडलाच नव्हता. ते शेरे अशिलाच्या वकिलाचे होते. प्रॉडक्शनच्या, म्हणजे समोरच्या पक्षाला कागद देण्याच्या, आदल्या रात्री क्यूसीत (फेरतपासणीत) आमच्या टीम लीडला ते सापडलं. काळजी घेऊनही प्रिव्हिलेज्ड कागद चुकून गेला, तर गोपनीयतेचा हक्क बुडू नये म्हणून तिथल्या पुरावा नियमांत २००८ पासून नियम ५०२ आहे, पण समोरच्या वकिलाने वाचलेलं त्याच्या डोक्यातून कसं काढणार? त्या रात्रीपासून मूळ मेल उघडल्याशिवाय मी अटॅचमेंटला टॅग लावत नाही. उलट चूकही टाळा: मेल वकिलाला गेला म्हणून त्याला जोडलेलं प्रत्येक बिल गोपनीय होत नाही.

मशीन आता बरंच वाचतं. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी प्रेडिक्टिव्ह कोडिंगला (कोणता कागद संबंधित आहे याचा मशीनने अंदाज बांधण्याला) मान्यता दिली. पण ते शिकतं आपल्याच टॅगवरून, त्यामुळे शंका असेल तर अंदाजाने टॅग मारू नका, विचारा. सरावासाठी एन्रॉन कंपनीचे लाखो मेल खुले आहेत.

हे शिक्षण आपल्या कोर्टांतही लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या दुय्यम प्रतीसाठी प्रमाणपत्राची अट पक्की केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात तर हॅश व्हॅल्यूसाठी जागाच ठेवली आहे. तालुका कोर्टात वकिली करणारी माझी मैत्रीण मध्यंतरी तो नमुना घेऊन आली, तेव्हा आम्ही दोघींनी बसून तिच्या अशिलाच्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलची हॅश काढली आणि तो रकाना भरला.