खेळाडूंच्या किमतीचं मॉडेल बांधताय? या चुका टाळा

ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेममध्ये खेळाडू विकायला काढला की प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो: याचे किती येतील? बरेच जण जुने व्यवहार चाळून अंदाज बांधतात, काही जण एक्सेल किंवा पायथन उघडून थेट रिग्रेशन, म्हणजे जुन्या आकड्यांवरून किंमत सांगणारं समीकरण, चालवतात. कौशल्य, वय, किंमत असे तीन-चार रकाने भरले आणि आर-स्क्वेअर (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं याचं माप) चांगला आला, की काम झालं असं वाटतं. मग पहिलाच खेळाडू अंदाजाच्या निम्म्या भावात जातो.

दोष बहुतेक वेळा गणितात नसतो. किंमत लिलावात ठरते, आणि तो लिलाव कसा चालतो याचा विचार डेटा गोळा करताना झालेला नसतो. खालची उदाहरणं १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या हॅटट्रिक या गेममधली आहेत, पण मुद्दे लिलाव असलेल्या कुठल्याही गेमला लागू पडतात.

न विकलेले खेळाडू गाळून टाकणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, आणि ती जवळजवळ सगळे करतात. व्यवहारांच्या यादीत फक्त विकले गेलेले खेळाडू दिसतात. ज्यांची मागितलेली किंमत कोणालाच परवडली नाही, ते यादीत येतच नाहीत. उरलेल्या डेटावर मॉडेल शिकवलं की त्याला वाटतं, बाजारात सगळंच विकलं जातं. साहजिकच अंदाज चढा येतो.

न विकलेला खेळाडूही माहिती देतो: त्याच्यासाठी सर्वाधिक पैसे मोजायला तयार असलेल्या माणसाची मर्यादासुद्धा मागितलेल्या किमतीपेक्षा कमी होती. संख्याशास्त्रात याला सेन्सॉर झालेला डेटा म्हणतात. त्यासाठी जेम्स टोबिन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या टोबिट मॉडेलच्या धर्तीवरची मॉडेलं वापरता येतात. तेवढ्यात शिरायचं नसेल तर काम दोन टप्प्यांत करा. खेळाडू विकला जाईल का, हे आधी लॉजिस्टिक रिग्रेशनने (हो की नाही याची शक्यता काढणाऱ्या पद्धतीने) पाहा आणि किती किमतीला जाईल, हे नंतर. पण त्यासाठी यादीत लागलेला प्रत्येक खेळाडू तुम्ही नोंदवलेला हवा. लिलाव संपल्यावर हा डेटा मागे जाऊन मिळवणं अवघड असतं, म्हणून नोंदी पहिल्या दिवसापासूनच ठेवा.

मागितलेली किंमत किमतीच्या मॉडेलमध्ये चल (अंदाजाला आधार देणारा घटक) म्हणून घालण्याचा मोह होतो. एकच बोली लागलेल्या लिलावात ती आणि विक्रीची किंमत बऱ्याचदा सारखीच असते, त्यामुळे आर-स्क्वेअर झपकन वर जातो. पण ही किंमत विकणाऱ्याने स्वतः ठरवलेली असते. तुम्हीच किती मागायचे हे ठरवू पाहत असाल, तर असं मॉडेल तुमचाच आकडा तुम्हाला परत करतं.

शेवटची बोली म्हणजे विजेत्याच्या लेखी खेळाडूची किंमत, हेही खरं नाही. चढत्या बोलीच्या लिलावात दुसऱ्या क्रमांकाचा माणूस थांबला की भाव तिथेच थांबतो. हॅटट्रिकमध्ये शेवटच्या तीन मिनिटांत बोली आली तर मुदत आणखी वाढते, म्हणून ऐन वेळी टपकून बोली मारण्याचा फायदा कमी होतो. तरीही त्या वेळी किती जण जागे आणि ऑनलाइन आहेत, यावर बरंच अवलंबून असतं. मुदत संपण्याचा वार आणि तास मॉडेलमध्ये घ्या. पहाटे संपणारा लिलाव आणि रविवारी संध्याकाळी संपणारा लिलाव एकाच मापाने मोजू नका.

वय पूर्ण वर्षांत लिहिणं

हॅटट्रिकमध्ये खेळाडूचं एक वर्ष म्हणजे ११२ दिवस. समजा एक खेळाडू १७ वर्षं ५ दिवसांचा आहे आणि दुसरा १७ वर्षं ११० दिवसांचा. वयाच्या रकान्यात दोघांपुढे १७ च लिहिलं जातं. पण त्यांच्यात १०५ दिवसांचं, म्हणजे आठवड्याला एक या हिशोबाने १५ सरावांचं अंतर आहे. घेणारा तरुण खेळाडूसाठी पैसे मोजतो ते पुढच्या सरावाच्या आशेवर, आणि १५ सराव म्हणजे बराच मोठा पल्ला. शिवाय दुसरा खेळाडू दोनच दिवसांत १८ चा होणार आहे. म्हणून वय दिवसांत लिहा, आणि ते कौशल्याशी गुणून परस्परपरिणामाचं पदही घाला. एकाच पातळीचं कौशल्य १७ व्या वर्षी असणं आणि ३० व्या वर्षी असणं, या बाजारात दोन वेगळ्या वस्तू आहेत.

दिसतं तेवढंच खरं मानणं

कौशल्याची पातळी पूर्णांकात दिसते, पण तिच्यामागे दशांश दडलेला असतो. नुकताच वरच्या पातळीवर गेलेला आणि पुढच्या पातळीच्या उंबरठ्यावर असलेला, असे दोन खेळाडू पानावर सारखेच दिसतात. टीएसआय (खेळाडूचं एकूण कौशल्य एका आकड्यात सांगणारा गेममधला निर्देशांक) आणि पगार यांवरून थोडा अंदाज येतो, पण दोन्ही सांभाळून वापरा. टीएसआय फॉर्मबरोबर हलतो, म्हणून फॉर्मही मॉडेलमध्ये हवाच. गोलकीपरचा टीएसआय वेगळ्या पद्धतीने निघतो, त्यांचं मॉडेल वेगळंच ठेवा. पगार वाढदिवसालाच बदलतो, त्यामुळे मधल्या काळात वाढलेलं कौशल्य त्यात दिसत नाही. परदेशी क्लबात खेळणाऱ्याच्या पगारात २० टक्के जादा असतात. ते काढायला १.२ ने भागा, नाहीतर तो खेळाडू आहे त्याहून सरस वाटेल.

लॉग घेतला, पण परत येताना घसरणं

किमती उजवीकडे लांब शेपूट असलेल्या असतात, म्हणून किमतीऐवजी तिचा लॉग (लॉगॅरिदम) घेणं योग्यच. अडचण परतीच्या वाटेवर येते. एकाच प्रकारचे तीन खेळाडू १ लाख, १ लाख आणि ८ लाखांना गेले असं धरा. त्यांची सरासरी ३.३३ लाख. लॉगची सरासरी काढून पुन्हा किमतीत आणली तर येतात २ लाख. यांत चुकीचं काही नाही, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. सरासरी हवी असेल तर दुरुस्ती करावी लागते. अवशेष (खऱ्या आणि अंदाजित आकड्यातले फरक) साधारण नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेले, असतील आणि नैसर्गिक लॉगमध्ये त्यांचं प्रमाण विचलन ०.५ असेल, तर अंदाज सुमारे १३ टक्क्यांनी वाढवायचा. अवशेष नॉर्मल नसतील तर नाइहुआ डुआन यांची १९८३ ची स्मिअरिंग पद्धत वापरा, ती ही दुरुस्ती थेट अवशेषांवरूनच काढते.

माझं मत विचाराल तर विकणाऱ्याला सरासरीपेक्षा पट्टा जास्त उपयोगी. क्वांटाइल रिग्रेशनने २५ वा आणि ७५ वा शतमक, म्हणजे ज्यांच्या खाली २५ आणि ७५ टक्के किमती येतात ते आकडे, काढा. किमान किती मागायचे हे खालच्या आकड्यावरून ठरवता येतं.

चाचणीसाठी ओळी सरमिसळ करणं

डेटा यादृच्छिकपणे शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन भागांत वाटला की एकाच खेळाडूचे दोन व्यवहार दोन्हीकडे जातात. मॉडेल त्याला ओळखून बसतं. वरून, गेमची अर्थव्यवस्था हलत राहते: सराव किंवा सामन्याच्या नियमांत बदल झाला की एखाद्या जागेवरच्या खेळाडूंचे भाव चढतात, दुसरीकडचे पडतात. मागच्या हंगामांवर शिकवा, नंतरच्या हंगामावर तपासा, आणि एका खेळाडूचे सगळे व्यवहार एकाच बाजूला ठेवा. आर-स्क्वेअर उतरेल, पण विक्रीच्या दिवशी मॉडेल खरोखर किती चालेल हे तोच आकडा सांगेल.

चुकांचा आढावाही जागेनुसार घ्या. एकूण चूक कमी दिसत असतानाही मॉडेल विंगरना सातत्याने स्वस्त आणि बचावपटूंना महाग ठरवत असू शकतं. एखाद्या गटात मोजकेच व्यवहार असतील तर त्याचं स्वतंत्र समीकरण बांधू नका. सगळ्या गटांना एकत्र शिकणारं बहुस्तरीय मॉडेल वापरा, म्हणजे तुटपुंज्या गटाचा अंदाज सर्वसाधारण कलाकडे ओढला जातो आणि दोन-तीन विचित्र विक्रींमुळे भलतीकडे जात नाही.