वस्तरा पट्ट्यावर कसा पाजळावा

पट्टा (धार पाजळायची लांब पट्टी, एक बाजू कापडी, एक चामड्याची) खुंटीला अडकवून ताठ ओढून धरा. सैल पडला की धार गोलसर होते आणि दाढी करताना केस ओढले जातात. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेली हवीत, आणि पाठ कायम पुढे. टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवरच पालटा. धारेवरून पालटलात तर पट्टा कापलाच म्हणून समजा, आणि धारही गेली!

आधी कापडी बाजूवर २०-३० फेऱ्या, मग चामड्यावर ४०-५०. जोर नको, वस्तऱ्याचं वजन पुरे. एवढं करूनही केस ओढले जात असतील तर पट्ट्याला दोष देऊ नका, दगडावर धार लावायची वेळ झाली आहे.

बडोद्याच्या पावसाळ्यात वस्तरा बाथरूममध्ये ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. कोरडा पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून कपाटात ठेवा.