रेसचा घोडा थोर ठरवताना या चुका टाळा

वडोदऱ्यात मराठी मंडळींमध्ये घोड्यांचा विषय निघाला की 'सयाजीराव' मोठा की 'माय बाबू', इथे गाडी येतेच. दोन्ही घोडे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांचे. पहिल्याने १९४७ साली आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर या मोठ्या शर्यती मारल्या, दुसऱ्याने १९४८ ची टू थाउजंड गिनीज ही इंग्लंडमधलीच शर्यत. हा वाद मला मनापासून आवडतो, पण त्यात ठरावीक चुका होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अंतर न विचारता तुलना करणं. गिनीज सुमारे १६०० मीटरची, सेंट लेजर जवळपास २९०० मीटरची. एकीला झपाटा लागतो, दुसरीला दम. १९४७ च्या गिनीजमध्ये ट्यूडर मिन्स्ट्रेल हा घोडा आठ लेंग्थने, म्हणजे आठ घोड्यांच्या लांबीच्या फरकाने जिंकला, सयाजीराव तिसरा आला. पुढे जूनमध्ये इंग्लंडमधल्याच एप्सम डर्बीला, २४०० मीटरवर, तोच ट्यूडर मिन्स्ट्रेल फेव्हरिट असूनही चौथा आला. सयाजीराव पुन्हा तिसरा, म्हणजे त्याच्या पुढे. मग सप्टेंबरात डॉनकास्टरला, जिथे सेंट लेजर होते, सयाजीरावने आर्बार या घोड्याला फक्त डोक्याच्या फरकाने हरवून लेजर घेतली. आता श्रेष्ठ कोण? मैलभराच्या शर्यतीत ट्यूडर मिन्स्ट्रेल, वाद नाही. लांब पल्ल्याला मी सयाजीरावच्याच बाजूने उभा राहीन. 'माय बाबू'ची जागा मैलाच्या रांगेत. त्याला सयाजीरावशी भिडवण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक 'एकदाही हरला नाही' एवढ्यावर निकाल देण्याची. ब्रिटनमध्ये धावलेला घोडा फ्रँकेल १४ पैकी १४ जिंकला, ऑस्ट्रेलियाची घोडी ब्लॅक कॅव्हियार २५ पैकी २५. दोघंही असामान्य. पण ब्लॅक कॅव्हियार १४०० मीटरच्या पुढे कधी धावलीच नाही, आणि फ्रँकेल २४०० मीटरवर उतरला नाही. हरलेल्या घोड्याचंही नीट बघा: कोणाकडून हरला, आणि पाठीवर वजन किती होतं? हँडिकॅप प्रकारच्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर मुद्दाम जास्त वजन चढवतात. तिथला पराभव डर्बीतल्या पराभवाच्या मापाने मोजू नका.

नुसत्या घड्याळावर तर विसंबूच नका. सेक्रेटेरियट या घोड्याने अमेरिकेतली १९७३ ची बेल्मॉंट शर्यत २ मिनिटं २४ सेकंदांत, ३१ लेंग्थने जिंकली. ती मातीच्या सपाट ट्रॅकवर. एप्समला गवत, आधी चढ, मग उतार. तिथली आणि इथली वेळ शेजारी मांडून काही सिद्ध होत नाही.

किमतीचंही तसंच. सयाजीरावला २८,००० गिनीज (इथे शर्यत नव्हे, जुनं ब्रिटिश चलन) मोजल्या, ते त्याचा सख्खा भाऊ दांते याने १९४५ ची डर्बी मारली होती म्हणून. तेव्हा सयाजीराव एकही शर्यत धावला नव्हता.

आणि संततीचा हिशेब वेगळ्या रकान्यात ठेवा. 'माय बाबू'चा अवर बाबू १९५५ ची गिनीज जिंकला, 'सयाजीराव'चा इंडियाना १९६४ ची सेंट लेजर. दोघांनीही बापाचीच शर्यत मारली, पण ते यश प्रजननाचं. धावण्याच्या हिशेबात ते मिळवू नका.